दाणा भरताना पडलेली थंडी

मी भाताला घाबरलो होतो असं सांगितलं की लोक हसतात. कोकणातला माणूस, सगळा जन्म मुलुंडमध्ये गेला तरी दोन्ही वेळा भात लागणारा, आणि म्हणे भाताला घाबरला. हसा. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. पण त्या जानेवारीत अकरा दिवस मी ताटातल्या भाताकडे ज्या नजरेने बघत होतो, त्या नजरेने माणूस घरात निघालेल्या सापाकडे बघतो.

आधी आईचं सांगतो. पावसाळा सरता सरता तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. उरले ते चार-पाच शब्द: हो, नको, पाणी, जेव. ते शब्दही तिच्या मर्जीने येत नसत, त्यांच्या मर्जीने येत. आणि गेलं ते गिळणं. माणसाला गिळता येणं बंद होऊ शकतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, तोंडात घास गेला की तो आपोआप पोटात पोचतो, त्यात काय एवढं!

हॉस्पिटलात तिच्या नाकातून नळी घातली होती. तिने ती डाव्या हाताने दोनदा ओढून काढली. म्हणून मग तो हात पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधून ठेवला. तिसऱ्यांदा नळी घालताना सिस्टर म्हणाली, "काका, जरा हात धरा त्यांचा, पट्टी सैल झालीय." मी धरला. जोर लावून धरला. नळी आत जाताना आई माझ्याकडे बघत होती. ते बघणं मला लिहिता येणार नाही आणि लिहायचंही नाही. नळी बारा दिवस होती. ती निघाली त्या दिवशी मी मनात ठरवलं की आता काय वाटेल ते होवो, पुन्हा तो हात धरणार नाही.

घरी आल्यावर गिळण्याचा व्यायाम शिकवायला एक थेरपिस्ट मॅडम यायच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण नियमांना कडक. पातळ काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा पावडर घालून दाट करायचं. आणि पेज अजिबात बंद. आमच्या घरात पेज बंद म्हणजे काय, हे त्यांना सांगून कळलं नसतं. आईने जन्मभर सकाळी पेज प्यायली, ताप आला तरी पेज, लग्नकार्य उरकून दमली तरी पेज. मॅडम म्हणाल्या, "वर पाणी आणि खाली सुटे दाणे, हे त्यांच्यासाठी सगळ्यात डेंजर. पाणी आधी घशात उतरतं आणि दाणा मागे राहतो, मग तो श्वासनळीत जातो. भात द्या, पण गुरगुट्या. चमच्यात एकसंध राहिला पाहिजे. दाबलं की दाणा दिसता कामा नये."

मी ऑफिसातून सुट्टी काढली होती आणि स्वयंपाकाचं खातं माझ्याकडे घेतलं होतं. बायको नोकरीला जायची. जाताना म्हणायची, "बघ हां, घाई करू नकोस, ती सावकाशच जेवते." आई खरंच सावकाश जेवायची. एक वाटी भाताला पाऊण तास. डिसेंबर संपेपर्यंत हे बरं चाललं होतं. वजन थोडं वाढलं होतं. मॅडमनी पाठ थोपटली होती, आईची नव्हे, माझी. मला उगाचच आपण कुणीतरी झालोय असं वाटायला लागलं होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला गावाहून नव्या तांदळाची गोणी आली. दरवर्षी येते. माझा चुलतभाऊ आमच्या वाटणीचं भात काढतो, भरडून आणतो आणि मुंबईच्या खासगी बसवर चढवतो. सकाळी चेकनाक्याजवळ हायवेला उभं राहायचं आणि गोणी उतरवून घ्यायची. आई धडधाकट होती तेव्हा गोणी घरात आली की आधी तिच्यासमोर उघडायची. ती मूठभर तांदूळ हातात घेई, एक दाणा पुढच्या दातांखाली धरून तोडी आणि जाहीर करी, यंदा पाणी किती लागणार. बाकी कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही वाटली नव्हती. यंदा मी गोणी सरळ स्वयंपाकघरात नेली आणि डबा भरला. आईला उगाच त्रास कशाला?

आता माझी चूक. नवा तांदूळ मऊ आणि चिकट शिजतो आणि त्याला पाणी कमी लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जुन्या तांदळाला बोट टेकवून तांदळाच्या वर एक पेर पाणी. नव्याला त्याहून थोडं कमीच, नाहीतर खळ होते. नव्या तांदळाचा भात पचायला जड असला तरी गिळायला सोपा, हेही माहीत. गोणी आल्याचा मला आनंदच झाला होता. म्हटलं, आता आईचं जेवण अजून सोपं होणार. मी पाणी कमी घातलं. कुकरच्या नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त केल्या, झाकण उघडून पळीने भात चांगला घोटला. चमच्याने दाबून बघितला, दाणा दिसला नाही. तूप-मीठ घालून मी आईपुढे बसलो.

सात चमचे व्यवस्थित गेले. आठव्याला ती खोकली. खोकला येतो अधूनमधून, त्याला मी घाबरत नसे, मॅडमनी सांगितलं होतं की खोकतात तोवर चिंता नाही. मी थांबलो. आणि मग तिचा खोकला थांबला. चांगला थांबला नाही, मध्येच तुटला. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि आवाज काहीच नाही. तिचे ओठ जांभळे व्हायला लागले.  मी तिला पुढे वाकवून पाठीवर थापा मारत होतो आणि तोंडाने "आई, आई" एवढंच ओरडत होतो. शेजारच्या वहिनी दार वाजवत होत्या, त्यांना उघडायला जाणार कोण? पाचवी थाप की सहावी, माहीत नाही, भाताचा गोळा तिच्या मांडीवर पडला आणि तिने श्वास ओढला. तो आवाज ऐकून मी खालीच बसलो.

मांडीवरचा तो भात मी नंतर बोटाने चिवडून बघितला. दाणे सुटे होते. टणक. पाऊण तासापूर्वी घोटून लापशी केलेल्या भातात हे दाणे कुठून आले? ताटलीतला उरलेला दाबून बघितला, तोही घट्ट, तुकडे तुकडे पडणारा. गरम असताना ज्याने मला फसवलं होतं तो भात गार होता होता पुन्हा भात झाला होता.  डब्यातला पांढराशुभ्र तांदूळ, आमच्याच शेतातला, मला अनोळखी वाटायला लागला.

संध्याकाळपर्यंत मी तिच्या छातीचं वरखाली होणं बघत होतो. ताप आला तर फुप्फुसात काही गेलं असं समजा, असं डॉक्टर फोनवर म्हणाले होते. ताप आला नाही. पण दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघा, असं पुन्हा झालं तर डॉक्टर सर परत नळी सजेस्ट करणार. आणि दोन आठवड्यांनी वजन बघू. ते उतरलं तरी तेच."

मी भात बंद केला. नाचणीचं दाट सत्त्व, रव्याची खीर, कुस्करलेलं केळं, बटाटा. आई दोन चमचे घेई आणि मान फिरवी. "नको." तिच्या लेखी भात नाही म्हणजे जेवण नाही, मग समोर पंचपक्वान्नं का असेनात. मी दुकानातून चिकट शिजणारा वासाचा तांदूळ आणला. झकास मऊ झाला होता. तिने पहिला घास तोंडात धरला आणि ओठांच्या कडेने तसाच बाहेर येऊ दिला. वासाचा तांदूळ तिला आधीपासून सोसत नाही. चौथ्या दिवशी तिच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली.

म्हणजे भात दिला तर घशात, न दिला तर वजन. दोन्हीकडून नळीच. माझी तर वाटच लागली होती. मला स्वतःला भात खाववेना. मी पोळी खायचो, तीही पाण्याच्या घोटाबरोबर, आणि प्रत्येक घास गिळताना माझं लक्ष माझ्याच घशाकडे. बायको एकदा चिडून म्हणाली, "अरे, तुला काय झालंय? तुला नाही झटका आलेला. नीट जेव ना!"

शेवटी मी चुलतभावाला फोन लावला. रागाने लावला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, कसला तांदूळ पाठवलास? तो बिचारा आधी ओशाळला. म्हणाला, "काय सांगू तुका? आमच्याकडेय तोच प्रकार. ह्या वर्सा लावणी उशिरा झाली. भात दुधात होतां, दाणो अजून भरूचो होतो, आणि थंडी पडली. दाणो भरलो, पण तेका मऊपणा नाय. घरातली सगळी कुरकुरतत."

त्याची मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते. त्याने फोन तिच्याकडे दिला. ती म्हणाली, "काका, दाण्यात पीठ असतं ना, ते दोन तऱ्हेचं असतं. एकामुळे भात चिकट होतो, दुसऱ्यामुळे मोकळा आणि कडक. दाणा भरत असताना गारठा पडला की ते दुसरं जास्त तयार होतं. आपला खालचा मळा घाटाच्या पायथ्याला, तिथे रात्री फारच गार होत्या. असा तांदूळ शिजायला पाणी जास्त पितो. आणि शिजवून गार झाला की परत घट्ट होतो."

"परत घट्ट होतो?" मी विचारलं.

"हो. गरम असताना कळत नाही."

मी फोन हातात धरून गॅलरीत उभा राहिलो. ती थंडी मला चांगली आठवत होती. दिवाळी झाल्यावर मुंबईत एकाएकी गारवा आला होता आणि डोंगरामुळे आमच्या मुलुंडला तर जरा जास्तच. सोसायटीच्या ग्रुपवर नुसता उत्सव चालला होता. कुणी कानटोपी घातलेले फोटो टाकतंय, कुणी तळ्याच्या काठावर फिरायला पवईला चाललंय. मी स्वतः लिहिलं होतं, "कडक थंडी यार, मजा आली." आईची खुर्ची सकाळच्या उन्हात गॅलरीत ठेवून मी चहा पीत होतो आणि खूश होतो. त्याच रात्री गावाला दुधाने भरलेल्या दाण्यांत तोच गारठा उतरत होता, आणि तो दीड-दोन महिन्यांनी आईच्या घशापाशी येऊन थांबणार होता.  माणसाने घाबरायचं तरी कशाकशाला? मी गाडीला घाबरत होतो, जिन्याला घाबरत होतो, न्हाणीघरातल्या ओल्या फरशीला घाबरत होतो. थंडीला घाबरायचं मला सुचलंच नव्हतं.

पाणी किती घालायचं, हे मात्र पुतणीला सांगता आलं नाही. "करूनच बघावं लागेल, काका," ती म्हणाली.

मग मी करून बघायला लागलो. आई दुपारची झोपली की स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं, मूठ मूठ तांदूळ वेगवेगळ्या पाण्यात शिजवायचा, बशांमध्ये काढायचा आणि पाऊण तास थांबून चमच्याच्या पाठीने दाबायचा. बशीखाली चिठ्ठी, तिच्यावर पाण्याचं माप. बायको एकदा लवकर घरी आली तेव्हा ओट्यावर नऊ बशा होत्या. ती म्हणाली, "लॅबोरेटरी उघडलीस काय रे?"  दर वेळी तेच होत होतं. गरम असताना लोणी, गार झाल्यावर खडे. पाणी खूप वाढवलं तर वर पाणी आणि खाली दाणे, म्हणजे पुन्हा पेजच. आणि एखादी बशी जमली असं वाटलं तरी ती आईपुढे न्यायची माझी हिंमत होत नव्हती. बशीला घसा नसतो.

वजन करायला चार दिवस राहिले होते. रविवार होता. मी बशा मांडून बसलो होतो आणि बायकोने आईची चाकाची खुर्ची सरळ स्वयंपाकघरात ढकलत आणली. मी ओरडलो, "अगं, तिला कशाला आणलंस इथे?"

"कारण तांदूळ तिला कळतो," बायको म्हणाली. "तुला नाही कळत. मलाही नाही. अकरा दिवस तू तिच्यापासून डबा लपवतोयस."

खरं होतं. मी आईला सोडून सगळ्यांना विचारलं होतं.

बायकोने डबा आईच्या मांडीवर ठेवला. आईने डावा हात आत घातला, तांदूळ मुठीत घेतला, बोटांतून गळू दिला. दोनदा, तीनदा. तिच्या चेहऱ्यावर गोणी उघडतानाचा जुना भाव आला. आणि मी काही करायच्या आत तिने एक दाणा उचलून तोंडात घातला.

 "थुंक! आई, थुंक तो!" मी तिची हनुवटी धरायला धावलो. बायकोने माझा दंड पकडला. आईने दाणा पुढच्या दातांखाली आणला. कट्ट असा आवाज झाला, मला तो ओट्यापाशी ऐकू आला. मग तिने जिभेने दोन्ही तुकडे ओठांवर आणले आणि तळहातावर काढून ठेवले. दोन्ही. मी मोजले. एकही आत गेला नव्हता. तिने त्या तुकड्यांकडे बघून नाक मुरडलं. नापास.

पुढचं तिने सगळं हातानेच सांगितलं. मी कुकर पुढे केला तर तिने तो हाताने बाजूला सारला. टोप दाखवला. मी त्यात तांदूळ धुऊन घेतले, पाणी घालायला लागलो तर तिने माझं मनगट धरलं, माझी तर्जनी सरळ केली आणि टोपात बुडवली. टोक तांदळाला टेकलं. पाणी पहिल्या पेराला आलं, मी थांबलो. तिने मान हलवली. दुसरं पेर. नको. तिसरं पेर बुडालं, बोट मुळापर्यंत पाण्यात गेलं, तेव्हा तिने मनगट सोडलं. मग तळहात उपडा करून हवेत धरला, म्हणजे भिजू दे, थांब. तासाभराने मंद गॅस. ढवळत राहायचं. पाणी आटत आलं की वरून कढत पाणी, पुन्हा ढवळायचं. ती खुर्चीत बसून टोपाकडे बघत होती आणि मी ढवळणं थांबवलं की खुर्चीच्या हातावर बोटं आपटत होती. असं कुठे कुणी लिहून ठेवलेलं नाही. एखाद्या वर्षी कधीतरी असाच तांदूळ तिच्या आईच्या हातात आला असेल.

भाताची पार खीर झाली. मी एक चमचा बशीत काढून पाऊण तास थांबलो. दाबला. पसरला. पुन्हा दाबला. घट्ट झाला होता थोडा, पण दाणा सापडला नाही. तरी मी बसूनच होतो. बायको म्हणाली, "आता वाढतोस की मी वाढू?"

टोप मंद गॅसवर राहू दिला आणि लहान वाटीत चार-चार चमचे गरम काढत आईपुढे बसलो. पहिला चमचा दिला आणि नेहमीसारखी माझी नजर तिच्या गळ्यावर खिळली. कंठ वर गेला, खाली आला. एक. दुसरा. दोन. मॅडमनी सांगितलं होतं की गिळल्यावर कंठ वर जाताना दिसला पाहिजे. अकरा दिवस मी दुसरं काही बघितलंच नव्हतं. सातवा चमचा गेला. आठवा मी हातात धरून ठेवला. 

आईने तो चमचा घेतला नाही. मांडीवर तिची शाल होती. ती तिने डाव्या हाताने धरली, वर ओढली, छातीवरून, खांद्यावरून, थेट हनुवटीपर्यंत. नीट गुंडाळून घेतली. भर दुपार होती, गॅसपाशी बसून आम्हाला घाम फुटला होता. गळा शालीआड गेला. आता मला तिथे बघायला काही उरलं नव्हतं, तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

ती माझ्याकडेच बघत होती. किती दिवस बघत होती कोण जाणे. मग तिने माझ्या हातातल्या चमच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडाकडे.

"जेव," ती म्हणाली.